सोन्याच्या लंकेचें दिवाळें

आपल्या भाषेंत लंकेची आठवण दोन प्रकारांनीं होते. अंगावर दागिना नसलेली एखादी सून दिसली, कीं वडीलधाऱ्या बायका तिला 'लंकेची पार्वती' म्हणतात. आणि दुसऱ्याच्या ऐश्वर्याचें वर्णन ऐकून आपल्या पदरीं कांहींच पडत नाहीं असें दिसलें, म्हणजे 'लंकेंत सोन्याच्या विटा, त्यांचा आपणांस काय उपयोग?' असें म्हणण्याची वहिवाट आहे. सोनें आणि सोन्याचा अभाव या दोन्ही गोष्टी अशा एकाच बेटाच्या नांवाशीं जोडल्या गेल्या आहेत. २०२२ सालीं यांपैकीं दुसरी गोष्ट त्या बेटावर अक्षरशः खरी ठरली. त्या वर्षाच्या १२ एप्रिल रोजीं श्रीलंकेच्या सरकारनें परदेशी कर्जाची फेड थांबविल्याचें जाहीर केलें. देशावर सुमारें ५,१०० कोटी डॉलरांचें परदेशी कर्ज होतें, आणि तिजोरींत औषधें व तेल आणण्यापुरतीहि परदेशी नाणीं उरलीं नव्हतीं. स्वातंत्र्य मिळाल्यापासून चौऱ्याहत्तर वर्षांत असा प्रसंग त्या देशावर कधीं आला नव्हता.

रावणाची लंका ती हीच कीं दुसरी, हा वाद विद्वानांत जुना आहे. त्यांत शिरण्याचा येथें हेतु नाहीं. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, आणि गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ सालीं कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांजवळ पाली शिकले, तेव्हांपासून तें बेट आम्हां मराठी माणसांना विद्येच्या नात्यानेंहि जवळचें आहे. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारींत पेन्शन घेतलेल्या कांहीं शिक्षकांची एक तुकडी तिकडे निघाली, तींत आम्ही उभयतांहि सामील झालों. बेट महाराष्ट्राच्या पंचमांशाहून थोडेंसेंच मोठें. वस्ती सुमारें दोन कोटी वीस लाख. पाऊस मुबलक, जमीन सुपीक, आणि शंभरांत नव्वदांहून अधिक लोक साक्षर. शिक्षणमंत्री कन्नंगर यांच्या खटपटीनें १९४५ पासून तेथें शिक्षण मोफत आहे. अशा घरावर दिवाळें वाजण्याची पाळी कां आली, हें जाणण्याची उत्कंठा देवळें आणि स्तूप पाहण्याच्या उत्कंठेहून आम्हांस कमी नव्हती.

विमानतळावरून निघाल्यावर वाटेंत शब्द गोळा करण्याचा आम्हांस छंद लागला. सिंहली लिपि आम्हांस येत नाहीं. परंतु मोटरीच्या चालकाकडून उच्चार समजून घेतला, कीं शब्दाआडून संस्कृताचा चेहरा ओळखूं येई. गांव म्हणजे 'गम', भात म्हणजे 'बत्', दूध म्हणजे 'किरि', मीठ म्हणजे 'लुणु', शाळा म्हणजे 'पासल'. ग्राम, भक्त, क्षीर, लवण, पाठशाला ही सारी मंडळी वेष पालटून समोर उभी राहिली. आम्ही मास्तर आहों हें कळल्यावर चालकानें 'महात्तया' हें साधें संबोधन सोडून 'गुरुवरया' म्हणण्यास आरंभ केला. पण त्यानें आणखी एक शब्द शिकविला, तो आम्हांस कोठें भेटलेला नव्हता. तो शब्द 'पोलिम', म्हणजे रांग. "गुरुवरया, त्या वर्षीं आमचा सारा देश पोलिमांत उभा होता. पेट्रोलासाठीं दोन रात्री मीं याच गाडींत काढल्या. जेवणाचा डबा बायको रांगेंत आणून देई." तेलासाठीं उन्हांत उभीं असतां कांहीं वृद्ध माणसें जागच्या जागीं मरण पावलीं, ही गोष्ट त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आम्हीं वाचली होती. वाचलेली गोष्ट आणि ती भोगलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट यांत किती अंतर असतें, तें तेव्हां समजलें.

कोलंबोंत समुद्राच्या कांठीं गाल फेस म्हणून एक लांबरुंद हिरवें मैदान आहे. शहरांतील स्त्रियांनीं आणि मुलांनीं येथें मोकळी हवा खावी, म्हणून इंग्रज गव्हर्नर वॉर्ड यानें १८५९ सालीं तें राखून ठेविलें, असें सांगणारा शिलालेख तेथें आहे. आम्ही गेलों तेव्हां संध्याकाळ होती. मुलें पतंग उडवीत होतीं, फेरीवाले कोळंबीचे वडे विकीत होते. याच मैदानावर राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर ९ एप्रिल २०२२ पासून हजारों तरुणांनीं ठाण मांडलें. राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्ष यांनीं निघून जावें, एवढीच त्यांची मागणी, म्हणून त्या तंबूंच्या वसाहतीस 'गोटागोगम' असें नांव पडलें. त्यांतील 'गम' म्हणजे आपलें ग्रामच. तेथें स्वयंपाकघर होतें, दवाखाना होता आणि एक ग्रंथालयहि होतें. उपाशीपोटीं भांडावयास बसलेल्या तरुणांना पुस्तकांची आठवण राहिली, हें ऐकून मास्तरकी केलेल्या मनाला समाधान वाटलें. ९ मे रोजीं दंगल उसळली, माणसें मेलीं, आणि पंतप्रधान महिंद राजपक्ष यांनीं राजीनामा दिला. ९ जुलै रोजीं लोक राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादांत शिरले. १३ तारखेस राष्ट्राध्यक्ष देश सोडून मालदीवला आणि तेथून सिंगापुरास गेले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पदत्याग केला.

या गोष्टीचें मूळ शोधूं लागलें, तर ज्यानें त्यानें आपापलें एकेक कारण पुढें केलें. कोणी २०१९ च्या ईस्टरच्या दिवशीं झालेले बाँबस्फोट सांगे, कोणी कोरोनाची सांथ, कोणी चीनचें कर्ज. यांपैकीं खोटें कोणतेंच नाहीं. पण पुरतें खरेंहि कोणतेंच नाहीं. १९८३ पासून २००९ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धानें देश आधींच पोखरला होता. युद्ध संपल्यावर बंदरें, रस्ते आणि विमानतळ यांचा सपाटा सुरू झाला. दक्षिणेस हंबंतोट येथें चिनी कर्जानें बंदर बांधलें. तें चालेना, तेव्हां २०१७ सालीं नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानें चिनी कंपनीकडेच गेलें. जवळच मत्तल येथें २०१३ सालीं मोठा विमानतळ उघडला, त्यावर विमानें मात्र क्वचितच उतरत. तरीहि सर्व दोष चीनच्या माथीं मारणें बरोबर नाहीं; परदेशी कर्जाचा सुमारें तिसरा हिस्सा जगाच्या बाजारांत रोखे विकून चढ्या व्याजानें उचललेला होता. त्यांत २०१९ च्या अखेरीस नव्या राजवटीनें लोकांस खूष करण्यासाठीं मुख्य विक्रीकर शेंकडा पंधरावरून आठावर आणला. घरांतील मिळकत कमी करावयाची आणि सावकाराच्या हप्त्याची तारीख तशीच ठेवावयाची, याचा शेवट कोणत्याहि कुटुंबाच्या कारभाऱ्यास सांगतां येईल.

कुटुंबाची गोष्ट निघाली म्हणून एक सांगावेंसें वाटतें. त्या काळीं धाकटा भाऊ राष्ट्राध्यक्ष, मधला पंतप्रधान, सर्वांत वडील पाटबंधाऱ्यांचा मंत्री, आणखी एक भाऊ २०२१ पासून अर्थमंत्री, आणि पुतण्या खेळांचा मंत्री, अशी व्यवस्था होती. आमच्यापैकीं एकानें विनोदानें म्हटलें, "हें तर आपल्यासारखेंच एकत्र कुटुंब!" परंतु विचार केला तर वस्तुस्थिति उलट आहे. चांगल्या एकत्र कुटुंबांत कर्त्याचा हिशेब सर्वांस दिसतो, कमावणाऱ्याइतकाच न कमावणाऱ्याचा घांस मोजला जातो, आणि दुष्काळांत कर्ता शेवटीं जेवतो. लंकेंत राज्य एका कुटुंबाच्या हातीं गेलें, पण राज्याचा कारभार कुटुंबासारखा कधींच झाला नाहीं. हा भेद पुढें अनुराधपुराच्या वाटेवर आम्हांस अधिक स्पष्ट दिसला.

कोलंबोच्या उत्तरेस नेगोंबो हें कोळ्यांचें गांव आहे. वस्ती बहुतेक कॅथॉलिक. ईस्टरच्या दिवशीं येथील एका चर्चमध्यें फार मोठी प्राणहानि झाली. त्या जखमेला दोन वर्षें होतात न होतात तोंच २०२१ च्या मे महिन्यांत 'एक्स-प्रेस पर्ल' नांवाचें जहाज किनाऱ्यासमोर पेटलें आणि जूनमध्यें बुडालें. त्यावर नत्राम्ल होतें आणि प्लॅस्टिकचे तांदुळाएवढे असंख्य दाणे होते. ते दाणे बर्फ पडावें तसे वाळूवर पसरले. मेलेलीं कासवें किनाऱ्यास लागलीं. मासेमारीस बंदी झाली. एका म्हाताऱ्या कोळ्यानें वाळूंत बोटें घालून आम्हांस दोन पांढुरके दाणे काढून दाखविले. तीन वर्षें होत आलीं होतीं, तरी ते तेथेंच होते. पुढें २०२५ च्या जुलैमध्यें लंकेच्या सर्वोच्च न्यायालयानें जहाजाच्या मालकांनीं शंभर कोटी डॉलर भरपाई द्यावी असा निकाल दिला. निकाल योग्यच, परंतु वाळूंतून दाणे वेंचणारें न्यायालय अद्याप कोठें स्थापन झालेलें नाहीं.

नेगोंबोहून ईशान्येकडे वळलें, कीं नारळीचीं बनें हळूहळू मागें पडतात आणि कोरडा मुलूख लागतो. येथें वर्षाचा बहुतेक पाऊस थोड्या महिन्यांत पडतो आणि मग जमीन तहानलेली राहते. तरीहि याच मुलखांत अनुराधपुरासारखी राजधानी हजार वर्षांहून अधिक काळ नांदली. अशोकाची कन्या संघमित्रा हिनें आणलेली बोधिवृक्षाची शाखा आजहि तेथें पूजिली जाते. ही किमया तलावांची. सिंहलींत तलावास 'वॅव' म्हणतात. आपली वापी ती हीच. एकाच ओढ्यावर एकाखालीं एक असे लहान तलाव बांधलेले असतात. वरच्या तलावांतून शेताला गेलेलें पाणी झिरपून खालच्या तलावांत येतें, आणि पुन्हा दुसऱ्या शेताला जातें. तलावाच्या वरच्या अंगास गाळ आणि वारा अडविणारी झाडी राखलेली असते. बांधाच्या खालीं, शेताच्या आधीं, पाण्यांतील खार शोषून घेणाऱ्या झाडांचा पट्टा असतो. २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें या पद्धतीस जगाच्या शेतीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

या रचनेंतील एका चालीनें आम्ही थक्क झालों. तिचें नांव 'बेत्म'. ज्या वर्षीं तलाव अर्धाच भरतो, त्या वर्षीं सर्व शेत पिकविण्याचा हट्ट कोणी धरीत नाहीं. तलावाजवळची जेवढी जमीन भिजेल, तेवढीच त्या हंगामापुरती सर्व गांवकऱ्यांत वांटून घेतात; मग तिचा मूळ मालक कोणीहि असो. तंटा नाहीं, कज्जा नाहीं. पाऊस नीट झाला कीं ज्याची जमीन त्यास परत. टंचाई आली असतां ती कशी वांटून घ्यावी, याचें शास्त्र या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांना शतकानुशतकें ठाऊक होतें.

आणि याच शेतकऱ्यांवर २०२१ सालीं राजधानींतून एक फर्मान येऊन पडलें. परदेशांतून रासायनिक खत आणणें त्या वर्षाच्या मे महिन्यापासून बंद. यापुढें साऱ्या देशानें सेंद्रिय खतावर शेती करावी. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. अनुराधपुर आणि पोळोन्नरुव या भागांत मूत्रपिंडाचा एक रोग शेतकऱ्यांना ग्रासून राहिला आहे, त्याचा दोष पुष्कळ लोक रसायनांस देतात. शिवाय परदेशी चलनाचीहि बचत व्हावयाची होती. परंतु दोन पिढ्या एका खताची सवय लावलेल्या जमिनीस एका हंगामांत दुसरें वळण कसें लागावें? तेवढें शेणखत आणि पालापाचोळ्याचें खत देशांत होतें तरी कोठें? एका शेतकऱ्यानें चालकाच्या मार्फत आम्हांस सांगितलें, "महात्तया, मुलाला आईच्या दुधावरून भातावर आणतांनासुद्धां आम्ही सहा महिने घेतों. सरकारनें आम्हांला एक रात्र दिली." त्याच्या मागें भाताच्या लोंब्या पिकून वांकल्या होत्या, कापणी जवळ आली होती. "तुमचें मत विचारावयास कोणी आलें होतें काय?" असें आम्हीं विचारलें. तो हंसला आणि त्यानें नुसती मान हलविली.

नोव्हेंबरमध्यें तें फर्मान मागें घेतलें गेलें, पण पेरणीचा हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं. पुढच्या मोठ्या हंगामांत भाताचें पीक सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें घटलें. जो देश तांदुळांत स्वयंपूर्ण झाला होता, त्यास बाहेरून तांदूळ आणावा लागला, आणि तोहि तिजोरी रिकामी असतां. खताचे पैसे वांचविण्यास गेले आणि अन्नाचे पैसे देऊन बसले.

अनुराधपुरांत आमच्याच वयाच्या एका निवृत्त शिक्षकांची गांठ पडली. त्यांच्याकडून कळलेली एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. २०२२ च्या मार्चमध्यें पश्चिम प्रांतांतील शाळांच्या परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. कारण प्रश्नपत्रिका छापण्यास कागद नव्हता. वीज दिवसांतून तेरा तेरा तासांपर्यंत जाई. "ज्या देशानें शिक्षण फुकट केलें, त्या देशांत मुलांना परीक्षेस कागद मिळाला नाहीं. माझा मुलगा इंजिनियर, सून दांतांची डॉक्टर. दोघें ऑस्ट्रेलियास गेलीं. आम्हीं त्यांना शिकविलें तें कोणासाठीं?" हें बोलतांना त्यांचा आवाज चढला नाहीं, मास्तरांचा चढत नाहीं. पण आम्हांला त्यांच्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कलावॅव पाहिला. पांचव्या शतकांत धातुसेन राजानें हा तलाव बांधला. त्यांतून निघणारा जयगंगा नांवाचा कालवा ८७ किलोमीटर वळणें घेत अनुराधपुरास पाणी नेतो, आणि त्याच्या आरंभीच्या भागांत दर किलोमीटरास अवघा सुमारें दहा सेंटिमीटर उतार आहे. आजच्या मोजणीदारानेंहि हात जोडावेत असें तें काम. बांधावर उभें राहिलें, कीं पलीकडचा कांठ धूसर दिसतो. पाणी वाऱ्यानें शहारत असतें. या तलावाची कथा सिंहलांच्या जुन्या इतिहासग्रंथांत आहे. धातुसेनाचा पुत्र काश्यप यानें बापास पदच्युत करून कैद केलें आणि खजिना कोठें पुरला आहे तें सांग म्हणून छळ मांडला. राजानें मला कलावॅवला घेऊन चला, म्हणजे दाखवितों, असें सांगितलें. तेथें तो पाण्यांत उतरला, न्हाला, ओंजळीत पाणी घेतलें, आणि माझा खजिना तो एवढाच, अशा अर्थाचें बोलला. चिडलेल्या पुत्रानें बापास मारविलें आणि स्वतः भयानें सिगिरियाच्या प्रचंड खडकावर महाल बांधून राहिला. तो खडक आणि त्यावरील चित्रें पाहावयास आज साऱ्या जगांतून लोक येतात, आम्हीहि गेलों. पण अठरा वर्षांत त्या महालाचा धनी संपला, आणि कलावॅव दीड हजार वर्षांनंतरहि भात पिकवीत आहे. कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें सांगतांना कोशाच्या आधीं जनपद गणलें, त्याचा अर्थ शाळेंत आम्ही मुलांना पुष्कळ वेळां सांगितला. तो डोळ्यांनीं मात्र त्या बांधावर दिसला.

तेथून कँडी आणि पुढें चहाच्या मळ्यांचा डोंगराळ मुलूख. इंग्रजांनीं येथील अरण्यें तोडून आधीं कॉफी लावली. १८६९ पासून तांबेऱ्यानें ती मारली, तेव्हां चहा आला. मळ्यांवर राबण्यास मद्रास इलाख्यांतून तामिळ मजूर आणले, आणि १९४८ सालीं देश स्वतंत्र होतांच कायद्यानें त्यांतील बहुतेकांचें नागरिकत्व काढून घेतलें. ज्यांच्या पाठीवरील टोपल्यांतून देशाची परदेशी मिळकत आली, त्यांची गणना घरांत नाहीं, असा हा हिशेब पुष्कळ वर्षें चालला. त्यांच्या ओळींच्या खोल्या आजहि उघड्या पडलेल्या डोंगरउतारांस चिकटून आहेत. आमच्या प्रवासानंतर २०२५ च्या नोव्हेंबरअखेर 'दितवा' चक्रीवादळ बेटावर आदळलें, दरडी कोसळल्या, आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं; तेव्हां त्या खोल्यांची आम्हांस प्रथम आठवण झाली.

कँडींत आम्ही एका गृहस्थांच्या घरीं उतरलों होतों. घरधनीणबाई सत्तरीच्या घरांतल्या. सौभाग्यवतींची आणि त्यांची भाषा एक नव्हती, पण स्वयंपाकघरांत दोघींचें जमलें. गॅसच्या टाक्या मिळेनात तेव्हां अंगणांत पुन्हा चूल मांडली, हें त्यांनीं दाखविलें. त्या घरीं ताजें दूध नसतें. परदेशी दुधाच्या भुकटीवर सारा देश. तिची किंमत आवाक्याबाहेर गेली, तेव्हां नातवाच्या दुधासाठीं बाईंनीं पाटल्या गहाण टाकल्या. त्या काळांत सावकारी पेढ्यांवर सोनें घेऊन येणाऱ्यांची तेथें रीघ लागली होती. सप्टेंबर २०२२ मध्यें वर्षाची महागाई शेंकडा सत्तरीस टेकली. पाटल्या सुटल्या नाहींत. सौभाग्यवती रात्रीं एवढेंच म्हणाल्या, "त्या बाईंचे हात पाहिलेत? उगाच कोणाला लंकेची पार्वती म्हणूं नये."

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. भारतानें २०२२ सालीं सुमारें ४०० कोटी डॉलरांची मदत केली. ठिकठिकाणीं लोकांनीं ती कृतज्ञतेनें बोलून दाखविली. २०२३ च्या मार्चमध्यें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें सुमारें ३०० कोटी डॉलरांचें कर्ज मंजूर केलें, आणि त्याच्या अटींप्रमाणें कर वाढले. आम्ही गेलों तेव्हां विक्रीकर शेंकडा अठरा झाला होता. नोव्हेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या आपत्तीस राजपक्ष बंधु आणि कांहीं अधिकारी जबाबदार असल्याचा निर्णय दिला. २०२४ च्या सप्टेंबरांत लोकांनीं मतपेटीनेंच राज्य पालटलें आणि अनुर कुमार दिसानायक हे राष्ट्राध्यक्ष झाले. गोळीनें नव्हे, मतानें हें झालें, ही त्या साक्षर देशाची पुण्याई म्हणावी लागेल.

राष्ट्र बुडतें तें एका दिवशीं बुडत नाहीं, आणि एका कारणानेंहि नाहीं. कर्ज काढतांना फेडीचा विचार नाहीं, कर माफ करतांना खर्चाचा नाहीं, खत बंद करतांना शेतकऱ्याचा सल्ला नाहीं. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशीं एकच दोष आहे: ज्यांना भोगावें लागणार, त्यांना विचारलें गेलें नाहीं. 'बेत्म'ची चाल सांगते कीं टंचाईचा निर्णय सर्वांनीं मिळून घेतला, तर ती सोसवते. एकानें घेतला, तर तिचा सर्वनाश होतो. ज्या घरांत सुनेच्या पाटल्या मोडण्यापूर्वीं कर्ता तिला घराचा हिशेब दाखवितो, त्या घरीं सोनें गेलें तरी लक्ष्मी राहते. धातुसेनाच्या पुत्राला ओंजळींतलें पाणी दिसलें, खजिना दिसला नाहीं. जें घर आणि जें राष्ट्र त्या ओंजळींतला खजिना ओळखील, त्याची लंका विटांची असली तरी सोन्याचीच समजावी.